असमीकरणाची शाब्दिक उदाहरणं: पायऱ्या बरोबर, उत्तर मात्र चूक. बिघाड कुठे शोधायचा?

तक्रार नेहमीची आहे. उदाहरण वाचलं, क्ष मानला, असमीकरण (म्हणजे ≤, ≥ अशा चिन्हांनी लिहिलेली अट) मांडलं, पायऱ्या दोनदा तपासल्या, तरी उत्तरसूचीशी जुळत नाही. कधी चिन्ह उलटं येतं, कधी बावीसच्या जागी तेवीस येतं, कधी उत्तर बरोबर असतं पण ते भलत्याच प्रश्नाचं असतं. आठवी-नववीपासून बारावीच्या रेषीय नियोजनापर्यंत हाच त्रास वेश बदलून येत राहतो.

बिघाड बहुतेक वेळा सोडवण्यात नसतो. तो दोन टोकांना असतो. एक टोक म्हणजे वाक्याचं चिन्ह करताना, आणि दुसरं म्हणजे निघालेला आकडा परत वावरात, गाडीत किंवा गोणीत उतरवताना. मधल्या पायऱ्या समीकरणासारख्याच असतात, त्यात नवा नियम एकच: ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की चिन्ह फिरतं.

शिवाय समीकरणाचा ताळा इथे अपुरा पडतो. समीकरणात उत्तर परत घातलं की डावी बाजू उजवीशी जुळते किंवा जुळत नाही, विषय संपला. असमीकरणात चुकीच्या उत्तरातलाही एखादा आकडा अट पाळून जातो. म्हणून इथे ताळा तीन आकड्यांचा घ्यायचा: हद्दीवरचा, हद्दीच्या जरा खालचा आणि जरा वरचा. पुढच्या बहुतेक दुरुस्त्या याच तीन आकड्यांनी होतात.

"कमी" शब्द दिसला की हात < कडे जातो

ही तीन वाक्यं बघा. (पंप म्हणजे पाठीवरच्या फवारणी पंपाची एक भरलेली टाकी.)

एकरी किमान १० पंप फवारा पडला पाहिजे.
एकरी १० पंपांपेक्षा कमी फवारा चालणार नाही.
एकरी १० पंप तरी हवेतच.

तिन्हींचा अर्थ एकच: प ≥ १०. पण दुसऱ्या वाक्यात "कमी" आहे, म्हणून निम्मा वर्ग प < १० लिहून मोकळा होतो. "नाही" वाक्याच्या शेवटी येतं आणि तोवर चिन्ह कागदावर पडलेलं असतं. मराठी वाक्यात नकार शेवटाला बसतो, तेव्हा पूर्णविरामापर्यंत पेन उचलायचा नाही, हा साधा नियम खूप कामाचा आहे.

तरी शंका राहिली तर तीन आकडे विचारा. ९ पंप चालतील? नाही. १० चालतील? हो. ११? हो. म्हणजे चिन्ह मोठ्याकडचं, आणि हद्दीला "हो" मिळालं म्हणून खाली रेघ. हद्दीला "नाही" मिळालं असतं तर रेघ नाही. कोणत्याही शब्दासाठी हीच चाचणी चालते, मग शब्दांची यादी पाठ करायची गरज उरत नाही.

"वर नको", "हून अधिक नसावं", "जास्तीत जास्त", "पर्यंत" या सगळ्यांना ≤. "च्या आत" मात्र घोळाचा शब्द आहे. बोलताना १२ टक्क्यांच्या आत म्हणजे १२ धरूनच समजतात, परीक्षेतल्या प्रश्नात तो १२ सोडून असू शकतो. वजन, वेळ, टक्केवारी अशा मोजायच्या राशींत याने व्यवहारात फरक पडत नाही. मोजदादीत पडतो: "५० पेक्षा कमी मजूर" म्हणजे जास्तीत जास्त ४९. जो अर्थ धरला तो उत्तराखाली एका ओळीत लिहून टाका.

दुसरा सापळा "पट" हा. "सोयाबीनचं क्षेत्र कापसाच्या दुपटीपेक्षा कमी नसावं." कापूस क एकर आणि सोयाबीन स एकर. पुष्कळ जण २स ≥ क लिहितात, कारण वाक्यात सोयाबीन आधी आलं आणि दुप्पट त्याच्या जवळ दिसली. आकडा घालून पाहा: कापूस २ एकर असेल तर सोयाबीन निदान ४ एकर हवं. २स ≥ क मध्ये क = २ घातलं तर स ≥ १ निघतं, म्हणजे एका एकरातच अट पूर्ण. गडबड उघडी पडली. बरोबर मांडणी स ≥ २क. "कोणाच्या दुप्पट" विचारलं की २ त्याच्या शेजारी बसतो.

"३० ने कमी" आणि "३० पेक्षा कमी" यांतही गल्लत होते. मुलाचं वय वडिलांच्या वयापेक्षा ३० ने कमी, इथे फक्त व − ३० लिहायचं, असमीकरण नाहीच. चिन्ह "पेक्षा कमी"ला लागतं, "ने कमी"ला वजाबाकी.

दोन बाजूंची अट असेल, जसं कापसाचा ओलावा ८ ते १२ टक्के, तर ८ ≤ क्ष ≤ १२. दोन्ही चिन्हांची तोंडं एकाच दिशेला हवीत. ८ ≥ क्ष ≤ १२ असं लिहिलेलं दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही.

चिन्ह फिरवायचं राहून गेलं

टाकीत १०,००० लिटर पाणी आहे. संत्र्याच्या ८० झाडांना ठिबक आहे, प्रत्येक झाडाला तासाला ४ लिटरचे दोन ड्रिपर. जनावरांसाठी टाकीत निदान २,००० लिटर उरलं पाहिजे. ठिबक किती तास चालवता येईल?

तासाला ८० × ८ = ६४० लिटर. त तास चालवलं तर:

१०,००० − ६४०त ≥ २,०००
−६४०त ≥ −८,०००

इथे −६४० ने भागलं की चिन्ह फिरतं: त ≤ १२.५. न फिरवणारा त ≥ १२.५ लिहितो आणि ठिबक जितकं जास्त चालवाल तितकं पाणी उरेल असं सांगून बसतो.

नियम सगळ्यांना पाठ असतो, वापरायच्या क्षणी आठवत नाही. त्यापेक्षा ती वेळच येऊ देऊ नका. ऋण पद दिसलं की ते लगेच दुसऱ्या बाजूला न्या:

१०,००० − २,००० ≥ ६४०त
८,००० ≥ ६४०त
१२.५ ≥ त

ऋण संख्येने भागावंच लागलं नाही. शेवटची ओळ उजवीकडून वाचा: त हा १२.५ एवढा किंवा त्याहून कमी. हे वाचन अवघड वाटलं तर बाजू पलटून लिहा, पण तेव्हा चिन्हाचं उघडं तोंड मोठ्या संख्येकडेच राहील याकडे लक्ष द्या. बाजू पलटताना चिन्ह जसंच्या तसं ठेवणं ही वेगळी आणि तितकीच नेहमीची चूक आहे.

आणि १२.५ तास म्हणजे १२ तास ३० मिनिटं. १२ तास ५० मिनिटं नव्हे. ५० मिनिटं लिहिणारे कमी नाहीत.

एक बारकावा राहिला: चलाने गुणायचं किंवा भागायचं असेल तर आधी ते चल धन आहे याची खात्री हवी. क्विंटल, तास, एकर असेल तर ती खात्री असतेच, पण ती लिहायची असते.

अर्धा कट्टा, पाऊण गोणी

पिकअप गाडीत १,५०० किलोपर्यंत भार चालतो असं धरू. चालक आणि एक माणूस मिळून १३० किलो. सोयाबीनचा कट्टा ६० किलोचा. एका खेपेत किती कट्टे?

६०क्ष + १३० ≤ १,५००
क्ष ≤ २२.८३

उत्तर २२. जवळची पूर्ण संख्या २३ आहे, पण २३ कट्ट्यांचे १,३८० आणि १३० मिळून १,५१० किलो होतात. अट मोडली.

आता हाच शेतकरी विचारतो, ४० क्विंटल सोयाबीन भरायला ६० किलोचे किती कट्टे लागतील?

६०क्ष ≥ ४,०००
क्ष ≥ ६६.६७

उत्तर ६७. इथे वर जायचं. शाळेत शिकलेला "पाच किंवा त्याहून मोठा अंक असेल तर एक वाढवा" हा नियम इथे कामाचा नाही. ≤ असेल तर खाली उतरायचं, ≥ असेल तर वर चढायचं, दशांशानंतर ०.०१ असो की ०.९९. मग हद्दीचे दोन पूर्णांक मूळ अटीत घालून बघायचे: एक बसतो, पुढचा बसत नाही, एवढं दिसलं की उत्तर पक्कं.

इथपर्यंत बहुतेकांना जमतं. पुढचा प्रश्न बघा: हे सगळं सोयाबीन बाजारात न्यायला किती खेपा?

सरळ मांडणी अशी होते: एका खेपेत २२ कट्टे, एकूण ६७ कट्टे, म्हणून २२ख ≥ ६७, ख ≥ ३.०४, उत्तर ४. पायऱ्या निर्दोष आहेत. पण चौथी गाडी एका कट्ट्यासाठी जाणार आहे, आणि त्या कट्ट्यात आहे काय? ६६ कट्ट्यांत ३,९६० किलो मावलं. ६७ व्या कट्ट्यात फक्त ४० किलो. एका खेपेत २२ कट्टे आणि हा अर्धवट कट्टा टाकला तर १,३२० + ४० + १३० = १,४९० किलो. अट पाळली जाते. तीन खेपांत काम होतं.

चूक कुठे झाली? दोनदा पूर्णांक केल्याने. पहिल्यांदा ६६.६७ चे ६७ केले तेव्हा शेवटचा कट्टा अर्धवट आहे ही माहिती गेली, आणि २२.८३ चे २२ केले तेव्हा गाडीत ५० किलोची जागा शिल्लक आहे ही माहिती गेली. दोन्ही हरवलेल्या गोष्टी नेमक्या एकमेकींच्या उपयोगाच्या होत्या. मधल्या टप्प्यावर पूर्णांक करावाच लागला तर शेवटचं उत्तर मूळ राशीत, म्हणजे इथे किलोत, परत तपासा. उत्तर हद्दीला अगदी चिकटून आलं असेल (३.०४ सारखं) तर हमखास तपासा.

एकर, हेक्टर, गुंठा, गोणी

इथे बीजगणिताचा दोष नसतो, पण गुण इथेच सर्वांत जास्त जातात.

उदाहरणात शिफारस हेक्टरी ६० किलो नत्राची दिली आहे, शेत ३ एकर आहे, युरियात ४६ टक्के नत्र आहे. युरियाच्या किती गोण्या घ्याव्या लागतील?

आधी सगळं एका एककात आणा. १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर, तेव्हा ३ एकर म्हणजे १.२१४ हेक्टर. लागणारं नत्र ७२.८ किलो. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे, ५० ची नाही. जुन्या उदाहरणसंग्रहात ५० दिसेल. एका गोणीत नत्र ४५ × ०.४६ = २०.७ किलो.

२०.७क्ष ≥ ७२.८
क्ष ≥ ३.५२

विकत ४ गोण्या. आता चुकीची उत्तरं पाहा, कारण त्यावरून चूक ओळखता येते. उत्तर ९ आलं असेल तर हेक्टरची शिफारस तशीच एकराला लावली गेली आहे (१८० ÷ २०.७). उत्तर २ आलं असेल तर ४६ टक्के विसरले आणि अख्खी गोणी नत्र धरली (७२.८ ÷ ४५).

प्रश्न "किती घ्याव्यात" असा आहे की "किती टाकाव्यात", हेही बघा. दुकानात साडेतीन गोण्या मिळत नाहीत, वावरात टाकता येतात. घेण्याला ४, टाकण्याला साडेतीनहून थोडं जास्त. आणि खताच्या उदाहरणात फक्त खालची हद्द पुरत नाही. नुसतं ≥ लिहिलं तर ४० गोण्याही "उत्तरात" बसतात.

टक्केवारीत खालचा आकडा हलतो

सगळ्यांत चिवट बिघाड हा. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. सोंगणीनंतर पाऊस झाला आणि १ क्विंटल सोयाबीनमध्ये ओलावा १८ टक्के भरला. किती किलो पाणी उडालं म्हणजे माल १२ टक्क्यांवर येईल?

दहातले आठ जण सांगतात ६ किलो. १८ वजा १२. चूक. ६ किलो पाणी उडालं तर पाणी उरलं १२ किलो, पण माल १०० किलो उरलेला नाही, ९४ आहे. १२ ÷ ९४ म्हणजे १२.७७ टक्के. माल अजून ओला.

पाणी उडतं तेव्हा अंशही घटतो आणि छेदही:

(१८ − क्ष) ÷ (१०० − क्ष) ≤ ०.१२

क्ष १८ हून मोठा असू शकत नाही, म्हणजे १०० − क्ष धन आहे, म्हणून त्याने गुणलं तरी चिन्ह तसंच:

१८ − क्ष ≤ १२ − ०.१२क्ष
६ ≤ ०.८८क्ष
क्ष ≥ ६.८२

६.८२ किलो. (शेवटचा दशांश वरच्या बाजूला घेतला आहे, कारण ≥.) ताळ्यासाठी पाण्याऐवजी कोरडा माल धरा: तो ८२ किलो होता आणि ८२ च राहतो. वाळल्यावर तो एकूण वजनाच्या निदान ८८ टक्के हवा, म्हणजे एकूण वजन जास्तीत जास्त ८२ ÷ ०.८८ = ९३.१८ किलो. १०० वजा ९३.१८ म्हणजे ६.८२. जुळलं. अशा उदाहरणात जी रास बदलत नाही तिला धरून मांडणी केली तर अपूर्णांकाची कटकट निम्मी होते.

हाच बिघाड हजेरीच्या उदाहरणात येतो, पण उलट्या बाजूने. विद्यार्थी १२० दिवसांपैकी ८२ दिवस हजर. वर्षाचे अजून १०० दिवस बाकी. ७५ टक्के हजेरीसाठी अजून किती दिवस यायला हवं?

एक मांडणी:
(८२ + क्ष) ÷ (१२० + क्ष) ≥ ०.७५
८२ + क्ष ≥ ९० + ०.७५क्ष
क्ष ≥ ३२

दुसरी मांडणी:
(८२ + क्ष) ÷ २२० ≥ ०.७५
८२ + क्ष ≥ १६५
क्ष ≥ ८३

३२ आणि ८३, दोन्ही गणितं बरोबर. पहिलं सांगतं की आजपासून एकही दिवस न चुकवता ३२ दिवस आलं की त्या दिवशी हजेरी ७५ टक्क्यांना लागेल. दुसरं सांगतं की वर्षाअखेर ७५ टक्के भरायला उरलेल्या १०० पैकी ८३ दिवस यायला हवं, म्हणजे १७ खाडे चालतील. प्रश्न वर्षाअखेरचा आहे, म्हणून उत्तर ८३. ३२ दिवस येऊन "झालं" म्हणणारा घरी बसला की छेद वाढतच राहतो आणि टक्केवारी पुन्हा घसरते. छेदात काय लिहायचं हे ठरवायला एकच प्रश्न विचारा: टक्केवारी कोणत्या दिवशी मोजली जाणार?

बाजार समिती की खेडा खरेदी?

दोन पर्यायांच्या तुलनेत दोन चुका होतात: ठोक खर्च आणि दर क्विंटलचा खर्च एकत्र मिसळणं, आणि आपण नेमकी कशाशी तुलना करतोय ते विसरणं.

उदाहरणापुरते दर धरा. गावात येणारा व्यापारी कापसाला क्विंटलमागे ७,००० देतो. बाजारात ७,३००. गाडीभाडं खेपेला २,४००, हमाली-तोलाई क्विंटलला ४०. एका खेपेत जास्तीत जास्त १३ क्विंटल. किती कापूस असेल तर बाजारात नेणं फायद्याचं?

७,३००क्ष − ४०क्ष − २,४०० > ७,०००क्ष
२६०क्ष > २,४००
क्ष > ९.२३

"फायद्याचं" म्हटलं आहे म्हणून > , नुकसान नसावं एवढंच म्हटलं असतं तर ≥. क्विंटल ही मोजायची रास आहे, त्यामुळे ९.२३ चे १० करायची गरज नाही. साडेनऊ क्विंटलला ७० रुपये उरतात. ७० रुपयांसाठी दिवस मोडायचा का, हा प्रश्न असमीकरणाने नाही सुटत; दिवसाची मजुरी ४०० धरून ती खर्चात मिळवली तर हद्द २,८०० ÷ २६० = १०.७७ वर जाते.

पण क्ष > ९.२३ हे पूर्ण उत्तर नाही. ते एका खेपेपुरतं खरं आहे: ९.२३ < क्ष ≤ १३. तेराच्या पुढे भाडं एकदम ४,८०० होतं. मग मांडणी २६०क्ष > ४,८००, क्ष > १८.४६. म्हणजे १५ क्विंटल असतील तर दोन खेपा करणं गावात विकण्यापेक्षा ९०० रुपयांनी तोट्याचं.

इथे थांबणारा १५ क्विंटलवाल्याला "सगळं गावातच विका" असं सांगेल. तेही चूक. १३ क्विंटल बाजारात आणि २ गावात दिले तर २६० × १३ − २,४०० = ९८० रुपये जास्त मिळतात. आणि २० क्विंटल असतील तर? दोन खेपांत ४०० रुपये फायदा, एक खेप करून उरलेले ७ गावात दिले तर ९८०. दुसरी खेप तेव्हाच करायची जेव्हा तिच्यात स्वतःचे ९.२३ हून जास्त क्विंटल भरतील, म्हणजे एकूण २२.२३ च्या वर. १८.४६ हा आकडा खोटा नव्हता, तो "दोन खेपा की एकही नाही" या प्रश्नाचा होता. पर्याय तीन असतील तर एक असमीकरण पुरत नाही.

उत्तर ऋण आलं, किंवा आलंच नाही

क्ष ≥ −४ निघालं आणि क्ष म्हणजे अजून लागणाऱ्या गोण्या असतील, तर घाबरू नका. अट आधीच पूर्ण आहे, अजून शून्य गोण्या लागतात. क्ष ≤ −४ निघालं तर मात्र अट पाळणं शक्य नाही. वरच्या हजेरीच्या उदाहरणात ८२ च्या जागी ६० दिवस असते तर क्ष ≥ १०५ आलं असतं, आणि बाकी दिवस १००. दोन अटी एकत्र बसत नाहीत. "उकल नाही" हे पूर्ण गुणांचं उत्तर आहे, पण क्ष ≤ १०० ही न सांगितलेली अट लिहिली असेल तरच.

दोन चलं आणि आलेखाची रेघोटी

८ एकर कोरडवाहू. कापसाला एकरी २५,००० आणि सोयाबीनला १६,००० खर्च धरा, हाताशी १,६०,०००. कापूस जास्तीत जास्त किती एकर? हजारांत मांडू:

क + स ≤ ८
२५क + १६स ≤ १६०
क ≥ ०, स ≥ ०

शेवटची ओळ लिहायची राहते, आणि मग आलेखात ऋण एकरांची शेती सुरू होते.

"वावर पडीक ठेवायचं नाही" असं प्रश्नात असेल तर पहिली ओळ क + स = ८ होते. स = ८ − क घालून ९क ≤ ३२, क ≤ ३.५५ एकर. असं म्हटलेलं नसेल तर स = ० धरून क ६.४ एकरांपर्यंत जातो आणि १.६ एकर पडीक राहतं. ≤ आणि = मधल्या एका रेघेने जवळजवळ तीन एकरांचा फरक पडला.

३.५५ एकर म्हणजे ३ एकर २२ गुंठे. एकराचे गुंठे ४०, म्हणून "३ एकर ५५ गुंठे" असं उत्तर असूच शकत नाही.

आता सुरुवातीची अट जोडा: स ≥ २क. पूर्ण ८ एकर पेरले तर ८ − क ≥ २क, क ≤ २.६६, म्हणजे २ एकर २६ गुंठे. तिथे खर्च १,५२,००० होतो. पैसे शिल्लक आहेत, तेव्हा कापसाला आता पैशाची अट अडवत नाही, दुपटीची अडवते. शेवटच्या उत्तराला प्रत्येक अट लावून पाहिली की नेमकी कोणती अट घट्ट बसली आहे ते कळतं, आणि ती बदलली तरच उत्तर हलतं.

आलेखात कोणती बाजू रंगवायची यासाठी (०, ०) घालून पाहायची सवय चांगली आहे. क + स ≤ ८ मध्ये ० ≤ ८ खरं, म्हणून उगमाची बाजू. पण स ≥ २क ची रेषा उगमातूनच जाते, तिथे ० ≥ ० मिळतं आणि बाजू कळत नाही. बरेच जण "खरं आलं" म्हणून मनाला येईल ती बाजू रंगवतात. अशा रेषेला रेषेवर नसलेला बिंदू घ्या, जसं कापूस १, सोयाबीन ५: ५ ≥ २ खरं, तेव्हा तो बिंदू ज्या बाजूला पडतो ती रंगवा. आडव्या अक्षावर कापूस घेतला असेल तर ती रेषेच्या वरची बाजू. अक्ष उलटे घेतले असतील तर खालची. म्हणून अक्षांना नावं आधी द्या, रंग नंतर भरा.